भोकं मोजणारा नेमबाज

सराव संपला की उडत्या तबकड्यांवर नेम धरणारा कोल्हापूरचा हा ट्रॅप नेमबाज आपली बारा बोरची दुनळी मोडून उघडतो, दोन्ही चेंबर रिकामे असल्याचं डोळ्यांनी पाहतो, मग बोटानेही चाचपतो. त्यानंतर नळ्या सोडवून उजेडाकडे धरतो. आत लख्ख चकाकी दिसते. नवखा माणूस इथेच समाधानाने तेलाचा हात फिरवून बंदूक पेटीत ठेवेल. तो मात्र चकाकीवर विश्वास ठेवत नाही. क्रोमचा मुलामा असलेली नळी मळलेली असतानाही चमकते, हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मळ तीन जातींचा असतो. जळालेल्या दारूची काजळी, छर्‍यांचं शिसं आणि प्लास्टिक. पूर्वी दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या असत. छर्रे थेट पोलादाला घासत जात, त्यामुळे शिसं जास्त बसे. 1960 च्या दशकात छर्‍यांना कवेत घेणारी प्लास्टिकची वाटी, म्हणजे आजचा वॅड, रुळला. छर्रे कमी चेपले जाऊ लागले, पण वाटीचा पातळ थर नळीला चिकटू लागला. तो सगळीकडे सारखा नसतो. चेंबर संपून नळी जिथे निमुळती होते तिथे आणि तोंडाशी, चोकमध्ये, तो जास्त धरतो. नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. फुल चोक तो जेमतेम एक मिलिमीटरने आवळतो, आणि छर्‍यांचा फुलोरा किती पसरायचा ते तिथे ठरतं. त्या जागेवरचा मळ त्याला खपत नाही.

खालची नळी अधिक मळते. पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात आणि बहुतेक नेमबाज पहिला बार खालच्याच नळीचा काढतात. वरची सहसा हुकल्यावर उडते.

साफसफाईत घाई नाही. खोलीची खिडकी उघडी, हातात मोजे, कारण शिशाची भुकटी श्वासात आणि बोटांवर नको. सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी तो चेंबरच्या बाजूने घालतो, तोंडाच्या बाजूने कधीच नाही. घासलेली घाण चेंबरकडे ओढली जाऊ नये आणि गजाने तोंडाची कड झिजू नये, म्हणून. (चिंधी हा शब्द एनसीसीत रायफल पुसलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.) मग नळ्यांचं तोंड किंचित खाली करून तो पंधरा-वीस मिनिटं थांबतो. हे थांबणंच बहुतेकजण टाळतात. त्यानंतर कांस्याच्या तारांचा ब्रश एका टोकातून थेट दुसर्‍या टोकाबाहेर. मध्येच उलटा ओढला तर तारा वाकतात. पहिली कोरडी चिंधी काळीभोर निघते. दुसरीवर करडा, चमकता कीस दिसतो, ते शिसं. कधी कधी चोकपाशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी प्लास्टिकची साल सुटून येते. तिला पाहून त्याला अजूनही आनंद होतो. नळी घासून झाल्यावरच तो चोक फिरवून काढतो, म्हणजे आटे घाणीपासून वाचतात. चोक वेगळा पुसायचा, आट्यांना ग्रीसचं बोट लावायचं आणि पुन्हा घट्ट बसवायचा.

कोकणात पीकराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक वापरणार्‍यांना हा खटाटोप नवा नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, आणि पावसाळ्यात एक रात्र जरी तशीच राहिली तरी नळी तांबारते. तिथला उपाय गरम पाणी, मग कोरडं कापड, मग तेल. ट्रॅपच्या बंदुकीत धोका वेगळ्या वाटेने येतो. प्लास्टिकच्या थराखाली ओल अडकते आणि गंज वरून दिसतच नाही.

आता खरा प्रश्न. या साफसफाईने फुलोरा सुधारतो का? उत्तरासाठी तो कागद लावतो. 40 यार्डांवरून, म्हणजे साडेछत्तीस मीटरवरून, एक बार. मग भोकांची गर्दी जिथे जास्त, तिथे 76 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि मोजणी. 24 ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरचे सुमारे 295 छर्रे असतात. फुल चोकमधून त्यातले 70 टक्के, म्हणजे दोनशेच्या थोडे वर, वर्तुळात यावेत अशी जुनी मोजपट्टी आहे. पण काहीही न बदलता मारलेल्या दोन कागदांतही पंधरा-वीस भोकांचा फरक सहज पडतो. म्हणून साफसफाईआधी एक कागद, नंतर एक, आणि लगेच ‘बघा, सुधारलं!’ म्हणणं त्याला मान्य नाही. आधी दहा, नंतर दहा. काडतुसांची तीच पेटी, तोच चोक, तेच अंतर.

त्याच्या कागदांवर मोठा चमत्कार दिसलेला नाही, आणि तो तसं स्पष्ट सांगतो. चोक बदलला किंवा अँटिमनी मिसळलेले कडक छर्रे घेतले की फरक जास्त ठळक असतो. मग एवढं घासायचं कशाला? 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, तबकड्यांच्याच मिश्र स्कीट प्रकारात, भारताच्या अनंतजीत सिंग नरुका आणि माहेश्वरी चौहान यांचं कांस्य 43–44 असं एका तबकडीने गेलं. त्या पातळीवर हुकलेल्या तबकडीचं कारण शोधताना बंदुकीवरची शंका मनात राहू नये, एवढंच त्याला हवं असतं. नळी स्वच्छ असली की उरतात काडतूस, वारा आणि स्वतःचा खांदा.

शेवटी तेलाचा पुसट हात. बार काढण्याआधी तोही कोरड्या चिंधीने पुसायचा. मोजे काढून तो थंड पाण्याने, साबणाने हात धुतो. मग कागदांची गुंडाळी उघडतो आणि प्रत्येकाच्या कोपर्‍यात पेन्सिलीने तारीख, काडतूस, चोक लिहितो. आजचे दहा कागद मोजायचे बाकी आहेत. तो पहिला पसरतो आणि वरून, डावीकडून सुरुवात करतो.