सासूबाईंसमोर विचारू नका

मैत्रिणीला विचारून लिहितेय. नाव-गाव कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही.

पाच वर्षं दिवस राहत नव्हते. नवऱ्याचे रिपोर्ट नॉर्मल, हिची पाळी नियमित, नळ्या मोकळ्या. गोळ्या झाल्या, नवस झाले. मग एका नव्या दवाखान्यात सोनोग्राफी करताना पांढरी रेघ दिसली आणि डॉक्टर म्हणाले, "कॉपर-टी बसवलीय, मग मूल कसं होणार?" शेजारी सासूबाई उभ्या. पुढचे दोन महिने घरात काय झालं असेल, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

कॉपर-टी नव्हतीच. दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपी करून बघितलं तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरातून हाडाचे बारीक तुकडे निघाले. हो, हाड. मलाही आधी पटलं नव्हतं.

प्रकार दुर्मीळ आहे, पण डॉक्टरांना माहीत असलेला आहे. बहुतेक जणींचा आधी कधीतरी गर्भपात झालेला असतो, आपोआप किंवा करवून घेतलेला. कधी गर्भाच्या हाडाचा अंश आत राहून जातो. कधी जुन्या सुजेमुळे अस्तरातल्या पेशीच हाड बनवायला लागतात. काही जणींच्या तुकड्यांची डीएनए तपासणी केली तर हाड त्या बाईचं स्वतःचंच निघालं. कसंही आलेलं असो, ते तिथे कॉपर-टीसारखंच काम करतं, गर्भ रुजू देत नाही. काढून टाकलं की अनेकींना आपोआप दिवस राहतात.

आता लगेच "बघा, गर्भपाताचे परिणाम" असं लिहायला येऊ नका. नीट केलेला कायदेशीर गर्भपात सुरक्षित असतो. माझं म्हणणं दुसरंच आहे.

हिचा लग्नानंतर वर्षभरात, चौथ्या महिन्यात गर्भपात झाला होता. फक्त नवरा-बायकोला माहीत. नंतर प्रत्येक दवाखान्यात तिला विचारलं गेलं, "आधी कधी दिवस राहिले होते का?" पण दर वेळी समोर सासू नाहीतर नणंद. ती "नाही" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? केसपेपरवर तेच "नाही" पुढे सरकत राहिलं, आणि हाडाची शंका घ्यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

१९७१च्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. २०२१च्या दुरुस्तीनंतर तर गर्भपात करवून घेतलेल्या बाईची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कागदावर एवढी गुप्तता, आणि ओपीडीत साधा पडदा नाही!

आपल्यातले काही जण ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आहेत. पुढच्या बैठकीत एवढंच मांडा: बाईची माहिती घेताना सोबतच्यांना, नवऱ्यालासुद्धा, पाच मिनिटं बाहेर बसवा. खर्च शून्य.

मैत्रिणीचे तुकडे मार्चमध्ये काढले. अजून वाट बघतेय.