माझी प्रवासाची बॅग

‘मी केलेला प्रवास’ या विषयावर आपण सगळ्यांनी निबंध लिहिलेला असतो. त्यात गाडी, डोंगर, समुद्र, सूर्यास्त सगळे येते. पण आपल्याबरोबर जी जाते, आपले कपडे, डबा, औषधे सांभाळते, त्या बॅगेबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. खरं तर वर्षातून एकदा फिरायला जाणाऱ्याला बॅग कोणतीही चालते. ज्याला वारंवार जावे लागते, त्याला मात्र ती विचार करूनच घ्यावी लागते.

मी रेवसला राहते. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी आमचे हे बंदर आहे. इथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. समोरच्या करंजाला जाणारी लाँच वेगळी. अलिबागला जायचे तर एसटी. गेली तीन वर्षे दर तीन आठवड्यांनी मी आईला घेऊन परळच्या रुग्णालयात जाते. शनिवारी शाळा सुटली की निघायचे, नातेवाइकांकडे मुक्काम करायचा, सोमवारी उपचार घेऊन परतायचे. अशा प्रवासात बॅग ही हौसेची वस्तू राहत नाही. ती घरातल्या माणसासारखी भरवशाची लागते.

ट्रंकेपासून चाकांपर्यंत

माझ्या वडिलांच्या लहानपणी प्रवासाचे सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. परवडत असेल त्यांच्याकडे होल्डॉल. बाकी सगळ्यांचे गाठोडे. ट्रंक मजबूत खरी. वर माणूस बसला तरी तिला काही होत नसे. पण ती उचलायला हमाल लागे आणि खाऱ्या हवेत तिच्या कडा गंजत. पुढे १९७० च्या दशकात व्हीआयपीसारख्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या सुटकेस घरोघरी आल्या. लग्नात मुलीबरोबर सुटकेस द्यायची पद्धतच पडून गेली होती.

गंमत बघा, माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली, पण बॅगेला चाके लावून विकायचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना मिळाले ते १९७२ साली! तीही बॅग आडवी, दोरीने ओढायची. आज आपण ओढतो ती उभी, दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या विमानाच्या पायलटने १९८७ च्या सुमारास बनवली. पायलटला गुळगुळीत विमानतळावर चालायचे होते, हे मात्र लक्षात ठेवा. वस्तू कोणी आणि कोणत्या जागेसाठी बनवली, हे समजले की ती आपल्या उपयोगाची आहे की नाही तेही समजते.

रेवसच्या धक्क्यावरची परीक्षा

आमच्या धक्क्यावर बॅगेची खरी परीक्षा होते. भरती असेल तर लाँच धक्क्याच्या बरोबरीला येते. ओहोटीला ती खाली जाते आणि ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात. बंदरात गाळ साठतो, त्यामुळे वेळापत्रकही पाण्याच्या मर्जीवर चालते. फळीवरून लाँचमध्ये पाय टाकताना लाँच हलत असते, मागून माणसे येत असतात, शेजारी मासळीच्या पाट्या असतात. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा वाहतूक बंद ठेवतात. आमची भाऊच्या धक्क्याची लाँच आतल्या बाजूने जाते, म्हणून हवामान बरे असेल तर ती पावसातही चालते. म्हणजे वरून पाऊस, खालून लाटेचे तुषार आणि तास-सव्वा तासाचा प्रवास.

माझ्या मावसभावाने एकदा चार चाकांची चकचकीत बॅग आणली होती. दुकानातल्या फरशीवर ती एका बोटाने फिरत होती. धक्क्यावरच्या खडीत मात्र तिचे एक चाक अडकले आणि मोडले. तिथून पुढे त्याने ती डोक्यावर घेतली. बघणाऱ्या कोळीणमावशी म्हणाल्या, “अरे बाळा, डोक्यावरच घ्यायची होती तर चाकांचे पैसे कशाला दिलेस?” सगळी लाँच हसली. पण त्या बोलण्यात तथ्य होते.

या मार्गावर हसण्यापलीकडचेही काही आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येणारी ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना अजून तो दिवस सांगताना थांबावे लागते. म्हणून लाँचमध्ये चढताना आई मला दोनच गोष्टी सांगते : वाटेत सामान ठेवू नको आणि एक हात मोकळा ठेव. मी बॅग निवडते ती याच नियमावर. माझ्या एका हातात आईचा हात असतो. दुसऱ्या हाताने कठडा धरायचा असतो. मग बॅगेसाठी उरते ती पाठ! त्यामुळे आमच्यासाठी पाठीवरची सॅक हीच उत्तम. ज्याचा प्रवास स्टेशन, लिफ्ट आणि विमानतळ असा आहे, त्याचे उत्तर वेगळे येईल. प्रश्न मात्र तोच : माझी वाट कशी आहे?

दुकानात काय बघावे?

आपण दुकानात गेलो की आधी रंग बघतो, मग किंमत, मग कप्पे. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण बॅगेला अगदी चपखल बसते. मी पुढच्या गोष्टी बघते.

पहिली गोष्ट कापड. लेबलवर ६०० डी, १००० डी असे लिहिलेले असते. हा ‘डी’ म्हणजे डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. पण नुसत्या आकड्यावर भुलू नये. विणही घट्ट हवी. नायलॉन घासले तरी लवकर झिजत नाही. पॉलिस्टर उन्हात जास्त टिकते. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा लेप असतो. आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून लेपावर सगळा भरवसा न ठेवता वरून घालायचे आवरण वेगळे घ्यावे आणि आत प्लास्टिकची मोठी पिशवी असावी.

दुसरी गोष्ट चेन. बॅग फाटण्याआधी बहुतेक वेळा चेनच जाते. चेनचा नंबर म्हणजे साधारण तिच्या बंद दातांची मिलिमीटरमध्ये रुंदी. बाहेरच्या छोट्या कप्प्याला ५ नंबर चालेल, पण मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची चेन हवी. दुकानातच ती दहा वेळा उघडझाप करावी, विशेषतः कोपऱ्यावर. रनर कोपऱ्यावर अडखळला तर बॅग परत ठेवावी. लोखंडी रनर समुद्राकाठी गंजतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको. चेनवर अधूनमधून मेणबत्ती घासली की ती मऊ चालते.

तिसरी गोष्ट शिवण. पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथे सगळे वजन येते. त्या ठिकाणी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल तर चांगले. बॅग उलटी करून, अस्तर बाजूला सारून आतले टाके बघायला लाजू नये. सुटे दोरे लोंबत असतील तर कामाची घाई झालेली आहे, हे ओळखावे.

चाकांची बॅग घ्यायची असेल तर दोन चाके खडबडीत रस्त्यावर जास्त टिकतात, कारण ती अर्धी आत बसवलेली असतात. चार चाके सपाट फरशीवर हलकी चालतात. चाक स्क्रूने बसवले आहे की रिव्हेटने, हे नक्की बघावे. स्क्रू असेल तर मोडलेले चाक बदलता येते. दांडा पूर्ण वर ओढून हलवून बघावा. फार खुळखुळला तर तो लवकर अडकणार. कडक कवचाच्या बॅगेत एबीएस स्वस्त पण धक्क्याने तडकणारे असते. पॉलिकार्बोनेट आणि पॉलिप्रॉपिलीन दाबले की वाकते आणि पुन्हा मूळ आकारात येते.

शेवटची गोष्ट वजन. देशातल्या बहुतेक विमानांत हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा असते. रिकामी बॅगच ३ किलोची असेल तर सामानाला उरले ४ किलो. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते. पण लाँचच्या पायऱ्यांवर मर्यादा एकच, ती म्हणजे आपला खांदा.

थोडे गणित

“बाई, महाग म्हणजे चांगलं असतं का?” असे सातवीतल्या एका मुलाने मला वर्गात विचारले. मी त्याला फळ्यावर गणित करायला लावले. समजा, एक बॅग ९०० रुपयांची आणि ती वर्षभर टिकते. दुसरी २,७०० रुपयांची, सहा वर्षे टिकते आणि मधल्या काळात दुरुस्तीला ३०० रुपये लागतात. दर तीन आठवड्यांनी प्रवास म्हणजे वर्षाला १७ खेपा. पहिल्या बॅगेचा खर्च एका खेपेला सुमारे ५३ रुपये. दुसरीच्या १०२ खेपा होतात, म्हणजे एका खेपेला ३० रुपयांहूनही कमी. मुलाने लगेच विचारले, “आणि वर्षातून दोनदाच गेलं तर?” शाबास! मग स्वस्त बॅगही पुष्कळ वर्षे पुरेल. हाच तर मुद्दा आहे. किंमत बॅगेवरच्या चिठ्ठीत नसते, ती आपल्या वापरात असते.

या गणितात अलिबागच्या बाजारातल्या बॅग दुरुस्तीवाल्या काकांना विसरून चालणार नाही. रनर बदलणे, पट्ट्याला टाके घालणे ही कामे ते थोडक्या पैशात करतात. बॅग घेण्याआधी मी मनात एकच विचारते : ही मोडली तर काकांना दुरुस्त करता येईल का? ज्या वस्तूची दुरुस्ती होत नाही, ती कितीही मजबूत असली तरी एक दिवस कचऱ्यात जाते.

आईची बोटे

कोणत्याही माहितीपत्रकात नसलेली एक गोष्ट मला आईमुळे समजली. औषधांमुळे तिच्या बोटांची टोके बधिर झाली आहेत. बटण लावणे, चेनचा बारीक रनर पकडणे तिला जमत नाही. मी तिकिटाच्या किंवा केसपेपरच्या रांगेत असते आणि ती बाकावर बसलेली असते. तिला पाणी हवे असते, गोळी हवी असते. शेजारच्याला “जरा उघडून देता का?” असे विचारायला ती संकोचते. आयुष्यभर घर चालवलेली बाई ती, स्वतःचीच बॅग दुसऱ्याकडून उघडून घ्यायला तिला कसे बरे वाटेल?

म्हणून यावेळी बॅग घेताना मी तिलाच दुकानात नेले. दुकानदार मला कप्पे दाखवत होता आणि आई एकेक बॅग मांडीवर घेऊन उघडून बघत होती. शेवटी तिने राखाडी रंगाची एक साधी सॅक निवडली. तिच्या रनरला दोरीचे मोठे फासे होते. बोट आत घातले की ओढता येत होते. बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली, पुढच्या कप्प्यात गोळ्या, पाठीकडच्या कप्प्यात जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट. “हिचं कुलूप माझ्या हातात आहे,” असे ती म्हणाली आणि पिशवीतून पैसेही तिनेच काढून दिले.

गेल्या जुलैत भर पावसात आम्ही लाँचने गेलो. दोघी चिंब झालो होतो. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीची फिल्म मागितली. आईने बसल्या जागी फासा ओढला, फोल्डर काढला आणि फिल्म त्यांच्या हातात दिली. ती कोरडी होती. डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म उजेडात शेजारी शेजारी धरली आणि म्हणाले, “फरक दिसतोय. चांगला आहे.” बॅगेने आजार बरा केला नाही, पण तो फरक दिसण्यासाठी जे जपायला हवे होते, ते तिने जपले.

उद्याची वाट

आता रेवस-करंजा पुलाचे काम सुरू झाले आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ज्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाची कल्पना पुढे आली, त्याचाच हा भाग. पूल झाला की आम्ही रस्त्याने थेट उरणकडे जाऊ. तेव्हा कदाचित आमच्या घरीही चाकांची बॅग येईल. वाट बदलली की सामान बदलते, त्यात चुकीचे काही नाही. तोपर्यंत प्रवासाहून आल्यावर सॅक ओल्या फडक्याने पुसायची, मीठ निघाले की सावलीत वाळवायची आणि चेन उघडी ठेवून खुंटीला टांगायची, एवढे काम आमच्या घरात ठरलेले आहे. वस्तू टिकते ती अर्धी बनवणाऱ्यामुळे आणि अर्धी वापरणाऱ्यामुळे.

मित्रांनो, तुमच्या दप्तराचेही असेच आहे. नवे दप्तर घेताना त्यावरचे चित्र जरूर बघा, पण त्याआधी त्याचा पट्टा ओढून बघा.

करून पाहा

१. तुमच्या दप्तराचे रिकामे आणि भरलेले वजन करा. रोज नको असलेले काय काय निघते, त्याची यादी करा.
२. घरातल्या एका जुन्या बॅगेचा किंवा ट्रंकेचा इतिहास आजी-आजोबांना विचारून दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला भेटा. सगळ्यात आधी काय मोडते, हे त्यांना विचारा.