अनशापोटीची गोळी

"थायरॉइडची गोळी मला लागूच पडत नाही," असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. शाळेतल्या मॅडमना, माहेरी आईला, नागपूरच्या नणंदेला. गोळीत काही खोट नव्हती, ती मी घेत होते त्या पद्धतीत होती. लाखनीच्या बाजारात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिले की हीच बाटली मागणाऱ्या बाया भेटतात. दोन शब्द बोलणं झालं की माझ्याच चुका त्यांच्या तोंडून ऐकू येतात, म्हणून हे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. थकवा, कोरडी कातडी, सकाळी आखडलेली बोटं, डोळ्यांखाली सूज, हे सगळं मी वयावर आणि कामावर ढकललं होतं. तपासणीत टीएसएच १४च्या वर निघाला आणि अँटी-टीपीओही वाढलेलं आलं. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली होती. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. डॉक्टरांनी मला पन्नासची गोळी, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन लिहून दिली. "सकाळी अनशापोटी, साध्या पाण्यासोबत," त्यांनी सांगितलं. मी हो म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात आमची सकाळची शाळा. पहाटे उठायचं, गॅसवर चहा ठेवायचा, तो उकळेपर्यंत गोळी तोंडात टाकायची आणि लगेच दुधाचा चहा घ्यायचा. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, असं मी धरून चालले. शिवाय हाडांसाठी कॅल्शियम आणि रक्तासाठी लोहाची गोळी सुरू होती. विसरायला नको म्हणून त्याही मी त्याच मुठीत घ्यायची. सगळी औषधं एकदाची घेऊन झाली याचं समाधान वाटायचं. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. चहा-कॉफी आणि दुधानेही शोषण कमी होतं. गोळीनंतर अर्धा ते एक तास पाण्याशिवाय काही नको आणि कॅल्शियम-लोह चार तासांनंतर, हा साधा नियम मला माहीत नव्हता. औषधाच्या चिठ्ठीवर तो होता. ती चिठ्ठी मी उघडून वाचलीच नव्हती.

मला याची लाज वाटते त्याला कारण आहे. आठवड्यातून एकदा सहावी-सातवीच्या मुलींना लोहाची निळी गोळी मीच देते. जेवण झाल्यावर, माझ्यासमोर, पुरेशा पाण्यासोबत, असं प्रत्येकीला बजावून देते. मुलींच्या गोळीची वेळ मी इतकी सांभाळते आणि माझ्या गोळीची वेळ मात्र चहाच्या आधणावर ठरत होती. बाटलीही गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, त्यात फोडणीची वाफ. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी ही गोळी खराब होते.

साहजिकच टीएसएच हवा तसा उतरला नाही आणि डोस पन्नासचा पंच्याहत्तर झाला. मी कशी घेते हे डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता, कारण मी ते बोललेच नव्हते.

याच दरम्यान केस मूठमूठ गळू लागले. मोठ्या जाऊबाईंनी केसांच्या गोळ्या आणून दिल्या. "घे न वं, माह्या तं थांबले," म्हणाल्या. त्या गोळ्यांत बायोटिन भरपूर होतं. पुढच्या तपासणीत टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-फोर वाढलेला दिसला. औषध जास्त झालं असा अर्थ मी स्वतःच लावला आणि कोणालाही न विचारता गोळी बंद केली. ही माझी सगळ्यात मोठी चूक. बंद केल्याचं लगेच काही जाणवलंही नाही. रक्तातलं थायरॉक्सिन अर्धं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे पहिले काही दिवस बरंच वाटलं. नंतर आवाज बसला, पाय जड झाले आणि फळ्यावर तारीख लिहिताना हात खाली येऊ लागला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. ती मंद होती. रिपोर्ट एक सांगत होता आणि माझं अंग दुसरंच. "मॅडम, घरात जेवढी औषधं घेता तेवढी सगळी घेऊन या," ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला मी कापडी पिशवी त्यांच्या टेबलावर उलटी केली. कॅल्शियमचा पत्ता, लोहाच्या कॅप्सूल, जाऊबाईंच्या केसांच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीची पुडी बाहेर पडली. त्यांनी केसांच्या गोळ्यांचा पत्ता उचलून उजेडात धरला, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि मला वाचायला दिलं. काही तपासणी पद्धतींत रक्तातलं बायोटिन थेट मोजणीतच गडबड करतं. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी आणि टी-फोर जास्त दिसतो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवावं लागतं. ते थांबवून पुन्हा रक्त दिलं तेव्हा टीएसएच पहिल्यापेक्षाही वर होता.

व्हिटॅमिनांच्या बाबतीतही मी उलटंच केलं. तळपायांना मुंग्या येत होत्या म्हणून ताकदीची लाल इंजेक्शनं आधी टोचून घेतली आणि बी-ट्वेल्व्हची तपासणी नंतर केली. आकडा भरपूर आला. तो इंजेक्शनांचा होता, मुळात माझी पातळी किती होती हे आता कधीच कळणार नाही. हाशिमोतोसोबत काहींना जठराचाही तसाच आजार असतो आणि त्यात बी-ट्वेल्व्ह अन्नातून नीट शोषलं जात नाही, म्हणून तर आधी तपासायचं असतं. डीची पुडी ६०,००० युनिटची. तपासणी न करता तीही सुरू केली होती. आठवड्याला एक असा तिचा हिशेब असतो. ती रोज घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. रक्तातलं कॅल्शियम वाढून त्याने मूत्रपिंडावर बेतू शकतं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

लोह मात्र खरोखरच कमी होतं. फेरिटिन तळाला गेलेलं. थायरॉइड ग्रंथीत संप्रेरक तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, आणि थकवा, केस गळणं ही लक्षणं दोन्हींकडे सारखीच. मी सगळा दोष थायरॉइडला देत बसले होते. पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो, म्हणून डॉक्टरांनी तीही तपासणी करून घेतली आणि मगच लोहाची मात्रा ठरवली. आपल्या भागात नुसतं हिमोग्लोबिन पाहून लोह चालू करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

मधल्या काळात कोणीतरी सांगितलं म्हणून मी पत्ताकोबी सोडली आणि मीठ वाढवलं. त्याचा काहीही उपयोग नव्हता. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ते मीठ आमच्या घरात आधीपासून आहे. माझा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नव्हताच.

आता गोळी उशाशी असते, पाण्याच्या तांब्याशेजारी. जाग आली की ती घेते, चहा अंघोळीनंतर. लोह दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबूनच टीएसएच करते, कारण त्याआधीच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. वेळ सांभाळू लागल्यावर डोस परत पन्नासवर आला. रोवणीच्या दिवसांत पहाटेच चहा घेऊन बांधीवर जावं लागतं, त्या बायांनी रात्रीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतली तरी चालते.

गावोगावच्या आशाताईंना माझी एक विनंती आहे. गरोदर बाईला तुम्ही लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देता, तेव्हा तिला थायरॉइडची गोळी चालू आहे का, एवढं विचारा. असेल तर ती अजिबात बंद करायची नाही आणि दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवायचं, हे तिला सांगा. दिवस गेल्याचं कळताच तिला डॉक्टरांकडे पाठवा, कारण गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज वाढते आणि सुरुवातीचे महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं.