इंडियन ओशनची नोंद कोणत्या सदरी करावी?

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोहोचले. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ ह्या बँडवरून तुमच्या वसतिगृहात जो कज्जा माजला आहे, ज्यात तू त्यांना रॉक म्हणतोस, तुझा एक मित्र फ्यूजन म्हणतो आणि दुसरा, तबला व गावाकडची गाणी ऐकून, हे लोकसंगीतच असल्याचे ठासून सांगतो, त्यात तुम्ही मला पंच नेमले आहे. हा अधिकार मी आनंदाने स्वीकारतो. कारण गाणे आवडले की पुरे, नावाचा खल कशाला, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. गाण्याला आपण ज्या सदरात घालतो त्यावरून त्याच्याकडून काय मागायचे हे ठरते, आणि भलतेच मागत बसलेल्या श्रोत्याला उत्तम गाणेही अर्धेच ऐकू येते.

पहिली गोष्ट अशी की, असली पुष्कळ नावे गाणाऱ्यांनी नव्हे, तर विकणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी नियतकालिकाने कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ अशा मथळ्याखाली चालविली होती. १९४९ साली तो मथळा बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केला, आणि गाणारे तेच, गाणी तीच असताना बाजारात एका प्रकाराचा नवा दाखला निघाला. आपल्याकडेही मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली, तेव्हा ती नाट्यपदात बसेना की ठुमरीत बसेना. पुढे अशा गायनाला ‘भावगीत’ हे नाव रूढ झाले आणि आज तेच आपल्याला अनादि वाटते. तेव्हा जुन्या सदरात न मावणे हा काही दोष नव्हे. मात्र नवे सदर उघडण्यापूर्वी जुने नीट तपासून पाहिले पाहिजे.

फ्यूजनवाल्या मित्राला माझे सांगणे असे की, १९७०च्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम ह्यांनी ‘शक्ती’ हा गट उभा केला, ते खरे फ्यूजन. कारण तेथे स्वतंत्र विद्यांचे पारंगत, आपापली विद्या पूर्णपणे बरोबर घेऊन, एका बैठकीत भेटले. इंडियन ओशनमध्ये कोणीही कोणत्या घराण्याचा मुखत्यार म्हणून बसलेला नाही. २०१३ पर्यंत बँडमध्ये असलेल्या सुस्मित सेन ह्यांची गिटार आलापासारखी स्वर उलगडत जाई खरी, परंतु ती रागाच्या शासनाखाली नव्हती. राहुल राम ह्यांची बेस गिटार एखादी लहानशी स्वराकृती फिरवीत राहते आणि तिच्याभोवती बाकीचे गाणे चढत जाते. अमित किलाम ड्रम्स सोडून मध्येच गबगुबी हे लोकवाद्य हाती घेतात. आणि असीम चक्रवर्ती तर तबला वाजवता वाजवताच गात. हे शेवटचे तू विशेष ध्यान देऊन ऐक. बोट चाटीवर पडते आणि शब्दाचा आघातही तेथेच पडतो, त्यामुळे त्यांच्या गाण्यात शब्दच ठेका धरतो. साथसंगतीचा तबला गवय्याच्या मागून चालतो, तसे येथे होत नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम वारले, तेव्हा त्यांची जागा भरण्यास गायनासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहीन चक्रवर्ती असे दोघे जण लागले, आणि तरीही बँड उभा राहिला. मुख्य गवई आणि साथीदार अशी उतरंड नाही, सर्वांनी मिळून तालमीच्या खोलीत गाणे घडवायचे, आणि ते घडविणे हीच खरी रचना मानायची: माझ्या समजुतीप्रमाणे रॉक बँडचे लक्षण हेच आहे, विजेची गिटार नव्हे.

लोकसंगीताचा दावा करणाऱ्या मित्राची बाजू अधिक बळकट आहे, म्हणून तिला मी अधिक वेळ दिला. ‘कंडीसा’ हा त्यांचा संग्रह २००० सालचा. त्यात नर्मदाखोऱ्यातले ‘मा रेवा’ आहे, गोरख पांडे ह्यांचे जनआंदोलनाचे गीत आहे, आणि केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेची अरामी भाषेतील प्रार्थनाही आहे. राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षे पूर्णवेळ कार्यकर्ते होते, आणि ‘मा रेवा’ त्यांनी त्या खोऱ्यातूनच आणले. ते खोरे परक्याचे नव्हे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सर्वांत आधी ज्या गावाला गाठले ते मणिबेली अक्कलकुवा तालुक्यातले. तेथे मोर्च्यात, काठावर, बुडत्या घरासमोर जे म्हटले जाते ते निःसंशय लोकगीत. कारण ते म्हणणारा आणि ऐकणारा वेगळा नसतो. आमच्याकडे तुकडोजी महाराजांची भजने होतात, तेव्हा खंजिरीवर बोटे नाचू लागली की बसलेला प्रत्येक जण धृपद उचलतो, आणि न उचलणारा भजनाबाहेरचा ठरतो. इंडियन ओशनच्या मैफलीत मात्र श्रोता डोलला, टाळ्या वाजवू लागला, सोबत ओरडला, तरी गाणे त्याच्यावाचून अडत नाही. पुष्कळ वेळ शब्द बाजूला राहून वाद्येच बोलतात, आणि त्या लांबलचक वाद्यप्रवासासाठीच तो आलेला असतो. एकच पद काठावर लोकगीत असते आणि रंगमंचावर रॉक होते, ह्यात विसंगती मला दिसत नाही. पद कोठून आले हे एका रकान्यात लिहावे, ते कसे बांधले गेले हे दुसऱ्यात. तुम्ही तिघे दोन्ही रकाने एकच समजून भांडत आहात.

तेव्हा माझा निवाडा असा. बँडची नोंद रॉक ह्या सदरी व्हावी, म्हणजे कज्जा तू जिंकलास. पण जिंकणाऱ्यावर एक अट राहील: ‘मा रेवा’ कोणाला ऐकवशील तेव्हा हे नर्मदाखोऱ्याचे गाणे आहे, एवढे प्रथम सांगायचे, आणि मणिबेलीचे नाव घ्यायचे. ते न सांगता नुसते रॉक म्हणशील, तर तुझ्या त्या लोकसंगीतवाल्या मित्राची फिर्याद मी पुन्हा दाखल करून घेईन. दिवाळीत त्या दोघांनाही घेऊन ये. कळावे.

तुझा
मामा