दगडांना बोलते करणारी वाट

पेरू देशातील माचू पिक्चू हे इंका लोकांचे नगर पाहावयास जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक आगगाडीचा, पायथ्याच्या गावी उतरावे आणि बसने वर जावे. दुसरा खुद्द इंकांनी बांधलेल्या पायवाटेचा. तो सुमारे ४३ किलोमीटरांचा असून त्याला चार दिवस लागतात. आमच्या वयास पहिलाच मार्ग शोभेल, असे आप्तेष्टांचे मत पडले. तथापि यजमानांनी व मी दुसरा पत्करला. आगगाडीने गेलो असतो तर नगर पाहिले असते. परंतु ते कोणाचे आहे, हे कदाचित उमगले नसते.

या वाटेवर एकट्याने जाता येत नाही. परवानाधारक वाटाड्या बरोबर असावाच लागतो. दिवसाला हमालांसह ५०० माणसांनाच सोडतात आणि फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट बंद ठेवतात. रेल्वेमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरपाशी उरुबांबा नदीवरचा पूल ओलांडला, की चालणे सुरू होते.

पंधराव्या शतकाच्या मध्यास पाचाकुती या राजाच्या काळी हे नगर उभे राहिले, असे मानतात. त्या लोकांपाशी लोखंड नव्हते, ओझी वाहणारे चाक नव्हते, आपण ज्यास लिपी म्हणतो तीही नव्हती. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवीत. असे असता त्यांनी बांधलेल्या व जोडलेल्या रस्त्यांचे जाळे आजच्या सहा देशांत ३०,००० किलोमीटरांहून अधिक पसरलेले आहे. आम्ही चालत होतो तो त्याचा एक लहानसा धागा. पायाखालचे दगड शतकानुशतकांच्या पावसातही जागचे हललेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का ही ४,२१५ मीटर उंचीची खिंड आली. तेथे हवा इतकी विरळ, की दहा पावले टाकावीत आणि उभे राहावे. यजमानांचा चेहरा काळवंडला होता. परत फिरावे की काय, असा विचार माझ्या मनात घोळू लागला. इतक्यात पाठीवर ओझे घेतलेला, आमच्यापेक्षा फारसा लहान नसलेला एक हमाल थांबला. तो वाटाड्याशी काही बोलला व मला 'मामाय' अशी हाक मारून पुढे गेला. वाटाड्याने अर्थ सांगितला : "माझे आई, सावकाश चाला. डोंगर कोठे पळून जात नाही." आम्ही सावकाश चाललो आणि दुपारी खिंड ओलांडली.

ती भाषा केचुआ. तिचे बोलणारे तिला रुनासिमी, म्हणजे माणसांची वाणी, असे म्हणतात. त्या हाकेनंतर मी प्रत्येक स्थळाचे नाव वाटाड्यास विचारू लागले. वार्मिवान्युस्का म्हणजे 'बाई मेली ती जागा'. फुयुपातामार्का म्हणजे 'ढगांवरचे गाव'. विन्याय वायना म्हणजे 'सदा तरुण'. त्या नावाचे एक आमरीचे फूलही तेथे फुलते. माचू पिक्चू म्हणजे 'जुने शिखर'. पुस्तकात वाचताना ही नावे जिभेवर अडखळत होती. तंबू ठोकणाऱ्या हमालांच्या तोंडी मात्र ती आपल्या 'निंबगाव', 'पिंपळगाव' यांच्यासारखी साधी होती.

ही वाणी टिकली ती सुखासुखी नव्हे. १५३३ मध्ये स्पॅनिश सैन्याने कुस्को ही राजधानी घेतली. १७८१ मध्ये दुसऱ्या तुपाक आमारूचे बंड मोडल्यावर या भाषेवर बंदी आली. १९७५ मध्ये पेरूच्या सरकारने तिला राजभाषेचा दर्जा दिला. मधल्या काळात तिला आश्रय होता तो स्वयंपाकघराचा, शेताचा आणि या वाटांचा.

म्हणूनच 'हरवलेले नगर' हा शब्द मला पटत नाही. १९११ च्या जुलैत अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगम तेथे पोहोचले आणि त्यांच्यामुळे ते जगास ठाऊक झाले, हे खरे. परंतु त्यांना वर नेणारा मेल्चोर आर्तेआगा हा तेथलाच शेतकरी होता, आणि नगराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनीवर काही कुटुंबे शेती करीत होती. ज्यांच्या अंगणात ते होते, त्यांना ते कधीच हरवले नव्हते.

चौथ्या दिवशी पहाटे इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, गाठले. समोर केवळ ढग. अर्ध्या घटकेने ते विरळ झाले आणि खाली, दोन शिखरांच्या मधल्या खोगिरावर, करड्या भिंती व हिरव्या पायऱ्या दिसू लागल्या. नगर २,४३० मीटरांवर आहे. इतके चढून शेवटी तेथे उतरतच जावे लागते! चुन्याविना बसविलेल्या दगडांच्या सांध्यांवरून मी बोट फिरविले. परंतु मन त्या हमालांकडे लागले होते. नेमाप्रमाणे ते आमचा निरोप घेऊन आदल्या मुक्कामावरूनच परतले होते. ज्यांच्या पूर्वजांनी वाट बांधली, ते परक्यांची ओझी वाहून पोट भरतात, ही खंत मनातून जात नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहतो. बाजारात गुजराती, कचेरीत इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असा आमचा परिपाठ. आमच्या भाषेवर केचुआसारखी आपत्ती आलेली नाही, तिला साहित्य आहे, राज्य आहे. तरीही नातवंडे इंग्रजीत उत्तर देऊ लागली म्हणजे मी पूर्वी गप्प बसत असे; काळाचा ओघ म्हणून सोडून देत असे. आता बसत नाही. इंकांचे राज्य गेले, सोने गेले, गाठींचा पुरता अर्थ सांगणारे गेले. परंतु 'ढगांवरचे गाव' म्हणजे काय, हे अद्याप कोणी आई मुलाला सांगते आहे. तेवढ्यावर ते दगड बोलत राहिले आहेत.