डाग आणि दगड

ज्या घरात मुले शिकतात, त्या घरात कधी ना कधी शाई सांडतेच. पूर्वी दौत कलंडत असे. आता पेनात शाई भरताना बाटली निसटते किंवा बॉलपेनाची कांडी फुटते, एवढाच काय तो फरक. सांडण्यास एक क्षण पुरतो; परंतु त्यानंतर मनुष्य काय करतो, यावर डागाचे आणि जमिनीचेही भवितव्य अवलंबून असते.

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत : एक चांदूर रेल्वे व दुसरे चांदूर बाजार. कापसाची काळी शेते आणि संत्र्यांच्या बागा यांच्या सोबतीने वाढलेल्या या दुसऱ्या चांदुरात पूर्वी सामान्य घरांची जमीन मातीचीच असे व ती शेणाने सारवीत. तीवर शाई सांडली, तर गृहिणीला फारशी चिंता नसे. भिजलेली माती खुरप्याने खरवडावी, तेथे नवी माती थापावी आणि वरून सारवावे, की डागाचा मागमूस उरत नसे. पुढे हळूहळू घरांत शहाबादी फरशी आली. कर्नाटकातील शहाबाद गावावरून नाव पडलेला हा चुनखडीचा दगड थंड, टिकाऊ व देखणा खरा. परंतु त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. शाई एकदा त्या छिद्रांत शिरली, की ती सारवून झाकता येत नाही.

शाईच्याही जाती निरनिराळ्या आहेत. जुनी काळी शाई दिव्याच्या काजळीत डिंक खलून करीत. डिंक ओला असेपर्यंत ती पाण्याने सुटते. हिरडा आणि हिराकस यांच्या शाईचा स्वभाव वेगळा. हिराकशीत लोह असते. हवेतील प्राणवायूचा संबंध येताच ही शाई अधिकाधिक काळी व पक्की होत जाते. म्हणून तिच्या बाबतीत पहिल्या घटकेचे मोल फार. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईची पूड व वड्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. तोच पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने घरोघरी पोहोचला. आजच्या पेनांतील साधी निळी शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. बॉलपेनाची शाई मात्र तेलकट व घट्ट. ती पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देते.

या शाईने त्या परिसरावर उपकारही थोर केले आहेत. चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे गाव संत गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) म्हणून ओळखले जाते. महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. ते सांगत आणि जवळची माणसे लिहून घेत. अशा रीतीने त्यांचे शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध झाले. ज्या शाईमुळे अंध पुरुषाचे ज्ञान डोळस जगाला मिळाले, तिचा राग तरी किती करावा!

परंतु डाग तो डागच. चांदूर बाजारातील एका घरी नवीच फरशी बसवलेली होती. कापूस विकून आलेल्या पैशांतून वडिलांनी दोन वर्षे थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली, तेव्हा कोठे ती बसली. वडील शेतावर गेले असता सातवीतील मुलाच्या हातून शाईची बाटली पडली. मुलगा घाबरला. त्याने ओल्या फडक्याने खसाखसा पुसले. त्यासरशी वाटीएवढा डाग ताटाएवढा झाला. मग त्याने लिंबू कापले व डागावर पिळून विटकरीच्या तुकड्याने घासू लागला. दगडावर बारीक फेस येऊ लागला. डागच वर येत आहे, अशा समजुतीने तो अधिकच जोराने घासू लागला. तेवढ्यात आजी आली.

“काहून घासतं रे बापू? डाग निंघन, पन फरशी जाईन ना!” ती म्हणाली.

आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चुनखडीच्या दगडाला आंबट पदार्थ खातो. तो फेस डागाचा नव्हता, दगडाचाच होता. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर यांनी अशा फरशीची झिलई जाते, ती जागा खरबरीत होते आणि मग तेथे कायमची धूळ बसते. संगमरवर, मोझॅक व सिमेंट यांनाही हाच नियम लागू आहे.

आजीने लिंबाचा रस भरपूर पाण्याने धुऊन काढला. उरलेली ओल तिने टीपकागदाने दाबून टिपली, घासली नाही. ताजी शाई नेहमी कडेकडून मध्याकडे टिपावी, म्हणजे ती पसरत नाही. नंतर तिने खडूची पूड पाण्यात कालवून दाट लगदा केला, तो डागावर बोटभर जाड थापला आणि वर ओले फडके पसरले. दुसऱ्या दिवशी फडके काढून लगदा सुकू दिला. वात जशी तेल वर ओढते, तसा सुकणारा लगदा दगडातील ओल वर ओढतो आणि ओलीबरोबर शाईचा रंगही वर येतो. लगदा खरवडला, तेव्हा त्याचा तळ निळा झाला होता. तीनदा असे केल्यावर फरशीवर केवळ फिकट सावली उरली.

वडील पहिल्याच संध्याकाळी घरी आले, तेव्हा मुलाने फडके उचलून सारे स्वतःच सांगितले. वडील खाली वाकले. लगद्याच्या कडेने जेथे विट घासली गेली होती, त्या जागेवरून त्यांनी बोट फिरवले आणि ते म्हणाले, “थोडक्यात वाचली.” त्यांनी आणखी काही विचारले नाही.

घाईत याहूनही मोठा अपाय संभवतो. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र झाले, की विषारी वायू निघतो. तो छातीत गेल्यास जीव धोक्यात येतो. स्पिरिट विस्तवाजवळ पेट घेते. म्हणून अशा वस्तूंना वडीलधाऱ्यांवाचून हात लावू नये.

काही शाया तर निघू नयेत म्हणूनच केलेल्या असतात. मतदाराच्या बोटाला लावावयाची शाई १९६२ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते. तिच्यात चांदीचा क्षार असतो. नख वाढून पुढे सरकेपर्यंत ती खूण राहते. तेथे डाग हाच प्रामाणिकपणाचा पुरावा ठरतो.

घरातील फरशीचेही काहीसे असेच आहे. डाग काढण्याची घाई पुष्कळदा तो लपवण्याची घाई असते आणि तीच दगडाचा घात करते. ज्याला लपवावयाचे नसते, त्याला वेळ मिळतो. आणि वेळ मिळाला, की पाणी, खडू व धीर एवढ्यावरही पुष्कळ डाग निघतात. जो थोडा उरतो, तो खुशाल उरावा. या घरात कोणीतरी लिहावयास बसत होते, एवढेच तो सांगतो.