घराची उंची

माझा उजवा खुबा बदलायचा ठरला तेव्हा नाशिकमधल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याचे फोन सुरू झाले. प्रश्न ठरलेले. डॉक्टर कोण, खर्च किती, आणि बॉल कुठल्या कंपनीचा? सिरॅमिकचा की धातूचा, देशी की परदेशी, हेही बहुतेकांनी विचारलं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, तेव्हापासून साध्यासाध्या घरांतूनही या विषयावर जाणतेपणाने बोललं जातं, आणि ते चांगलंच आहे. पण ‘तुमच्या घरातल्या कमोडची उंची किती?’ हे मला एकाही माणसाने विचारलं नाही. विचारलं ते फक्त फिजिओथेरपीच्या मुलीने.

ऑपरेशनच्या आधी ती गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर आली. पर्समधून शिंप्याकडे असते तशी टेप काढून म्हणाली, “काकू, या खुर्चीवर बसा. आधी तुम्हाला मापते, मग घर मापते.” गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत माझं माप भरलं सोळा इंच. मग ती घरभर फिरली. सोफा चौदा इंच, वर तो बसल्यावर आणखी दबणारा. दिवाण पंधरा. कमोड पंधरा. देवघरासमोर पाट. कपडे धुवायच्या मोरीत बुटकं स्टूल. ती एकेक आकडा कालनिर्णयच्या जुन्या पानामागे लिहीत होती. शेवटी खाली रेघ मारून म्हणाली, “काकू, तुम्हाला कमीत कमी अठरा-एकोणीस इंचांचं घर लागणार आहे.”

कारण तिने तिथेच समजावलं. माझं ऑपरेशन खुब्याच्या मागच्या बाजूने होणार होतं. त्यात सांध्याचं मागचं आवरण आणि काही स्नायू उघडून पुन्हा शिवतात. ते भरून येईपर्यंत नव्या वाटीतून नवा बॉल मागे निसटण्याचा धोका असतो. पाय पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त दुमडला, मधली रेघ ओलांडून दुसऱ्या पायावर गेला, किंवा चवडा आत वळला, की हा धोका वाढतो. तिन्ही एकदम झालं तर फारच. आजकाल मोठ्या व्यासाचे, 32 किंवा 36 मिलिमीटरचे बॉल बसवतात, ते सहसा सहज निसटत नाहीत. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या पद्धतीची खुबाबदल शस्त्रक्रिया रूढ केली, तेव्हा त्यांचा बॉल जेमतेम 22 मिलिमीटरचा होता. पुढच्या बाजूने ऑपरेशन केलं तर पथ्यं वेगळी असतात, काही डॉक्टर आता एवढी बंधनं घालतही नाहीत. माझ्या डॉक्टरांनी मात्र तीन महिने म्हणून सांगितलं होतं. बसल्यावर गुडघा खुब्याच्या खालीच राहिला पाहिजे, हे त्या तीन महिन्यांचं सूत्र.

आता आपलं घर डोळ्यांसमोर आणा. आपण मांडी घालून जेवतो, उकिडवं बसून भाजी निवडतो, ओणवं होऊन केर काढतो, देवापुढे वाकतो. रांगोळी, तुळशीला पाणी, खालच्या ट्रॉलीतला कुकर, बादलीतलं पाणी, सगळं जमिनीलगत. कमोड आला, डायनिंग टेबल आलं, तरी घराचा जीव अजून जमिनीवरच आहे. त्यामुळे परदेशी पुस्तिकांमध्ये सांधाबदलानंतरच्या साहित्याची जी यादी असते ती आपल्याला अर्धीच उपयोगाची. उरलेली अर्धी आपली आपण करावी लागते.

सुरुवात झोपण्यापासून झाली. आमचा दिवाण खाली सामान ठेवायचा, पेटीसारखा. त्याला पायच नाहीत, मग ठोकळे कशाखाली लावणार? यांनी वर आणखी एक काथ्याची गादी घालून पाहिली, पण कडेला बसलं की ती पुढे सरकायची. तेव्हा पंचवटीतल्या वाड्यातून जाऊबाईंचा निरोप आला, सासूबाईंचा सागवानी पलंग माळ्यावर पडून आहे, घेऊन जा. तो पलंग गादीसकट वीस इंच भरला. जुन्या माणसांचे पलंग असेच उंच असायचे, खाली ट्रंका राहायच्या आणि म्हाताऱ्या माणसाला पाय टेकून उठता यायचं. बुटके, आटोपशीर पलंग दिसतात छान, पण साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरात ते मला आता नकोसेच वाटतात.

संडास-न्हाणीघराबद्दल जरा मोकळेपणाने लिहिते, कारण तिथेच सगळं अडतं आणि तेच कुणी बोलत नाही. कमोडवर बसवायची चार इंची प्लॅस्टिकची कडी मिळते. आम्ही त्याऐवजी कमोडची खुर्ची घेतली. तिच्या खालचं भांडं काढायचं आणि ती सरळ आपल्या कमोडवर उभी करायची. पायांना भोकं असतात, त्यातल्या खिट्ट्या काढून उंची कमीजास्त होते, आणि दोन्ही बाजूंना हात असल्यामुळे उठताना दोन्ही हातांवर भार घेता येतो. सुरुवातीच्या रात्री तीच खुर्ची भांडं लावून पलंगाशेजारी राहिली. जेटची नळी माझ्या दुखऱ्या बाजूला मागे होती, ती घेण्यासाठी कंबरेतून वळावं लागलं असतं. प्लंबरने लांब नळी लावून तिचा हूक पुढच्या भिंतीवर आणला. काम अगदी थोड्या वेळाचं, पण त्यामुळे रोजच्या किती यातना टळल्या ते मलाच ठाऊक.

भिंतीला स्टीलचे दांडे बसवले, तेही टाइल्समध्ये भोकं पाडून, बोल्ट ठोकून. हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे मिळतात, फिजिओच्या मुलीने ते घेऊच दिले नाहीत. तोल गेला की माणूस सगळा भार एकदम टाकतो, आणि नेमके तेव्हाच ते सुटू शकतात. टॉवेलच्या दांड्याला आधार समजू नका, असंही तिने दोनदा बजावलं.

टाके निघाल्यावर आंघोळीची परवानगी मिळाली. पाठ असलेलं, रबरी बुचांचं स्टूल बसायला होतं. पण बादली? ती जमिनीवर असली तर प्रत्येक तांब्याला वाकणं आलं. म्हणून बादलीलाही स्वतःचं स्टूल मिळालं, माझ्या कोपराच्या उंचीला. पाय घासायला यांनी घोसाळ्याची वाळलेली जाळी एका बांबूच्या काठीला सुतळीने घट्ट बांधून दिली. काठीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या टॉवेलची पट्टी, बोटांमधलं पाणी टिपायला. त्या दिवशी मी दार नुसतं लोटून घेतलं आणि कुणालाही आत न बोलावता आंघोळ केली. बाहेर आल्यावर हे काही बोलले नाहीत, मीही नाही. पण मला खरं सांगायचं तर ऑपरेशन यशस्वी झालं असं त्या दिवशी वाटलं. एक्स-रे पाहून वाटलं नव्हतं.

कपड्यांसाठी लांब चिमटा घेतला, चार-पाचशे रुपयांचा. एका टोकाला मुठीत दाबायचा खटका, दुसऱ्या टोकाला दोन रबरी बोटं. परकराचा घेर या चिमट्यात धरायचा, जमिनीपर्यंत न्यायचा, आधी ऑपरेशनचा पाय आत, मग चांगला, काढताना उलट. खाली पडलेला चष्मा, पेपर, उशीचा अभ्रा, चिमटा सगळं उचलतो. फक्त गोळी उचलत नाही, ती घरंगळते. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घालायचे घट्ट मोजे मात्र कुठल्याच साधनाने माझे मला चढवता आले नाहीत. ते काम शेवटपर्यंत यांच्याकडे राहिलं. सातपूरच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस रोज सकाळी खाली बसून, एकही सुरकुती न ठेवता, मोजा टाचेवर बसवायचा.

वॉकरची उंची अशी बघतात: ताठ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, मनगटाच्या घडीशी मूठ आली पाहिजे. शेजारच्या एक आजी दुसऱ्या कुणाचा वॉकर तसाच वापरत होत्या, खांदे कानाला लागेपर्यंत वर. यांनी खिट्ट्या बदलून दिल्यावर त्यांची मान दुखायची थांबली. पायांची रबरी बुचं झिजली की लगेच बदलायची. ओल्या फरशीवर त्यांचाच भरवसा. वॉकर सुटून काठी आली, तेव्हा ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची हेही कुणीतरी सांगावं लागतं, कारण मन दुखऱ्या बाजूलाच धरायला सांगतं.

पण वॉकरची खरी अडचण निराळीच. दोन्ही हात त्यात अडकतात. चहा केला तरी तो ओट्यापासून खुर्चीपर्यंत न्यायचा कसा? कामाला येणाऱ्या मावशींनी जुन्या चादरीची एक पिशवी शिवून वॉकरच्या पुढच्या दांडीला बांधली. तिला तीन कप्पे, एकात फोन, एकात चष्मा, मधल्या खोल कप्प्यात झाकणाचा थर्मास. तोवर माझ्या तोंडी दिवसभर ‘अहो, जरा येता का’ असायचं. पाणी हवंय, येता का. दिवा लावायचाय, येता का. पिशवी आली आणि ही हाक निम्म्याने कमी झाली. मी घरातली आजारी बाई झाले होते, ती पुन्हा नुसती घरातली बाई होऊ लागले.

स्वयंपाकासाठी यांनी सातपूरच्या एका वेल्डरकडून उंच स्टूल करून घेतलं. सव्वीस इंच, बैठक पुढे किंचित उतरती, म्हणजे त्यावर अर्धं बसायचं, अर्धं टेकायचं. पोळ्या लाटायला ते फार सोयीचं. रोजची भांडी कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आली. देव टेबलावर आले. आधी मनाला ते पटेना, पण पहिल्या दिवशी हात जोडल्यावर देव डोळ्यांसमोर होते, तेव्हा बरं वाटलं.

बाहेर पडल्यावर कळतं की आपलं गाव अजून या उंचीचं नाही. भाचीच्या लग्नाला गेलो, शहराबाहेरच्या एका लॉनवर. रोषणाई डोळे दिपवणारी, सोफे इतके खोल की बसलं तर उठवायला दोन माणसं हवीत, आणि बायकांच्या बाजूला एकही कमोड नाही. मी सोबत नेलेल्या कडक उशीवर, साध्या खुर्चीत बसून अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या आधी निघाले. त्या मांडवात गुडघे धरून चालणाऱ्या कितीतरी बायका होत्या. एवढ्या खर्चात दोन कमोड आणि चार दांडे बसवणं कुणाला जड नाही. मागितलं पाहिजे, आणि हॉल ठरवतानाच मागितलं पाहिजे.

हे साहित्य सगळं विकत घ्यायलाच हवं असं नाही. महाराष्ट्रात रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांची चांगली परंपरा आहे. जनकल्याण समितीची अशी केंद्रं कितीतरी गावांत आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, ज्ञातिसंस्थाही हे काम करतात. अनामत भरायची, नाममात्र भाडं द्यायचं, काम झालं की वस्तू परत करायची. राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये आली. पासष्ट वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये बँकेत मिळतात. फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची ही त्यात आहेतच. एवढ्यात दोन्ही वस्तू साध्या प्रतीच्या येऊ शकतात. मात्र माझं म्हणणं असं की पैशाबरोबर मापही मिळायला हवं. ऑपरेशनची तारीख देतानाच दवाखान्याने घराच्या उंचीचा एक कागद भरून घ्यावा. बिलात त्याचा बोजा पडणार नाही, आणि घरी गेल्यावर पडून पुन्हा दाखल व्हायची वेळ काहींवर तरी येणार नाही.

आता आमच्या घरातलं बरंचसं साहित्य पंचवटीला निघालं आहे. जाऊबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. त्यांचं घर निराळं, म्हणून हिशेबही निराळा. संडास देशी, पण कमोड खुर्ची भांडं काढून त्यावरही उभी राहते. फक्त पायांची जागा सपाट करून घ्यावी लागते, ती गवंडी करणार आहे. जिना उभा, अंधारा, मधोमध छतापासून सोडलेला दोर. त्या दोराला धरून आमच्या सासूबाई नव्वदीपर्यंत वर-खाली करत होत्या, पण दोर हलतो, म्हणून भिंतीला पाइप बसवायचा. चढताना दोन्हींतला बरा पाय आधी, उतरताना जास्त दुखरा, हे मी त्यांना आतापासूनच म्हणायला लावते. झोपाळ्यावर बसायचं नाही म्हटल्यावर त्या जरा रुसल्या. राहता राहिले उंबरठे. चांगले वीतभर उंच, चौकटीतच घडवलेले, ते काढता येत नाहीत आणि जाऊबाई काढू देणारही नाहीत. भद्रकालीतला एक सुतार येऊन पाहून गेला. दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून देतो म्हणाला, वॉकर सरकणार नाही अशा आडव्या पट्ट्या ठोकून. मात्र एवढ्या उंबरठ्याला उतार चांगला लांब धरावा लागेल, म्हणून माजघरातली धान्याची कोठी हलवायची आहे. ती कुठे ठेवायची यावर सध्या दोन्ही घरांत फोन चालू आहेत.